लिगाया, शेवट शिकवायचा राहिला

तू शेवट न शिकवताच गेलीस, लिगाया. हे आधी सांगते, रडायचं नंतर बघू. पोरं तयार, बांबू तयार, कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि नाचाला शेवट नाही. असं कुणी करतं का? दर वर्षी मी तुझ्यामागे घसा फोडायचे की बाई, शेवट आधी बसवून घे, मधे काही चुकलं तरी पोरं शेवटाला येऊन भेटतील. आणि दर वर्षी तू ते तुझं मनगट गोल फिरवून माझं बोलणं वाऱ्यावर सोडायचीस. यंदाही तेच केलंस. मग एका मंगळवारी सकाळी, इथे कुवेतला, अबू हलीफातल्या खोलीत, कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला बसलीस ती उठलीच नाहीस. हॉस्पिटलात नेलं, डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी त्याच हॉस्पिटलात काम करते, मला तो शब्द एकदा ऐकून कळायला हवा. तरी मी त्यांना पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले.

आपली ओळखच भांडणातून झाली. आठवडाभर मी फिजिओथेरपी विभागात लोकांचे गुडघे वाकवायचे आणि सुट्टीच्या शुक्रवारी लहान मुलांना कथकचे पहिले धडे द्यायचे. मिरजेत लहानपणी शिकलेली तेवढीच पुंजी. तू रुमैथियाच्या एका नर्सरीत शिकवायचीस आणि शुक्रवारी फिलिपिनो लोकनृत्याचा वर्ग घ्यायचीस. हॉलच्या मालकीणबाईंनी दोघींना एकच वेळ देऊन ठेवली. हॉल कसला, इमारतीखालचा सर्दाब, म्हणजे आपलं तळघर. एका बाजूला माझी पोरं ता थेई थेई तत करतायत, दुसऱ्या बाजूला तुझे बांबू खडाखड वाजतायत, आणि मधे आपण दोघी डोळे वटारून उभ्या. मी म्हटलं, ही माझी वेळ आहे. तू म्हणालीस, हो का, मग घड्याळाला सांग. कप्पाळ माझं! असलं तोंड मला कुणाचंच आवडत नाही, माझं स्वतःचं सोडून.

तोडगा मालकीणबाईंनी नाही काढला, पोरांनी काढला. माझी पोरं सरकत सरकत तुझ्या बाजूला जाऊन बसली आणि तुझी माझे घुंगरू बांधून बघायला लागली. मग आपण ठरवलं की आधी सगळ्यांना मिळून पायाभूत धडे द्यायचे, आणि नंतर ज्याला जे हवं ते. उभं राहणं, चालणं आणि हात तुझ्याकडे. ताल आणि पाय माझ्याकडे. वाटणी अशी झाली खरी, पण एकीचं काम चालू असताना दुसरीनं गप्प बसायचं हे काही आपल्याला जमलं नाही.

तुझा पहिला धडा बघून मी मनात हसले होते. पोरांच्या डोक्यावर अर्धा पेला पाणी ठेवायचं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायला लावायचं. बस्स. पायांचं नाव नाही, गाणं नाही. तुमच्याकडे डोक्यावर आणि हातांवर दिवे घेऊन नाचतात, त्याची ही सुरुवात, असं तू सांगितलंस. माझी मुक्ता तेव्हा लहान होती. सगळं पाणी पाठीवर सांडून घेऊन माझ्याकडे आली नि म्हणाली, "आई, इट्स सो कोल्ड!" मी टॉवेल शोधायला वळले तर मागून तुझा आवाज आला, "परत!" माझ्याकडून उचललेला तुझा पहिला मराठी शब्द. पुढे तो तू इतका वापरलास की केरळची पोरंसुद्धा एकमेकांना परत, परत म्हणून दटावू लागली.

आता हे ऐक, कारण तोंडावर मी तुला कधी सांगितलं नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा चालणाऱ्या पेशंटला मी हल्ली म्हणते, डोक्यावर पाण्याचा पेला आहे असं समजा. लगेच मान सरळ होते, खांदे खाली येतात, आणि पाऊल आपसूक बेतानं पडतं. आमचे वरिष्ठ एकदा म्हणाले, वृंदा, ही युक्ती कुठून शिकलीस? मी म्हटलं, सर्दाबातून. ते हसले, त्यांना वाटलं मी टिंगल करतेय. तू फार चांगली शिक्षिका होतीस, लिगाया. हे मी एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही, कारण तू ते स्वतःच येता-जाता म्हणायचीस.

फिलिपिनो पोरं तुला आते म्हणायची. तुमच्यात आते म्हणजे ताई. आमची मराठी पोरंही आते, आते करत तुझ्यामागे फिरू लागली आणि गावाकडच्या आज्या फोनवर विचारायला लागल्या की कुवेतला ही कुठली आते उपटली? एका आजीनं तर दिवाळीला तुझ्यासाठी वेगळ्या चकल्या पाठवल्या. तू त्या व्हिनेगरात बुडवून खाल्ल्यास. मी डोळे मिटून घेतले.

आणि ते बांबू! शाळांमधून सगळे प्लॅस्टिकच्या पाइपवर हा नाच बसवतात, पण तुला पाइप चालायचा नाही. पाइप वाजतो, बोलत नाही, म्हणायचीस. वाळवंटात बांबू आणायचा कुठून? माझा नवरा श्रीधर शुवैखला वर्कशॉपमध्ये. बंदरात उतरलेल्या कुठल्याशा मालाखाली टेकू म्हणून आलेले बांबू त्यानं बघून ठेवले होते. तुला घेऊन आम्ही गेलो. तू तिथल्या धुळीत उकिडवी बसलीस आणि एकेक बांबू जमिनीवर आपटून कान लावून ऐकायला लागलीस. श्रीधर सावंतवाडीचा, त्याच्या घरामागच्या परड्यात बांबूची बेटं. तोही खाली बसला. "हो नको, हो फुटतलो," असं तो मालवणीत सांगतोय, तू तुझ्या भाषेत काहीतरी सांगतेयस, आणि दोघांचं एकमेकांशी बरोबर जुळतंय. मी उन्हात पर्स धरून उभी. तासाभरानं दोघं हसत उठलात, चार बांबू निवडलेले. मला म्हणालीस, तुझा नवरा तुझ्यापेक्षा बरा आहे, ऐकून घेतो.

ज्यांनी हा नाच बघितला नाही त्यांना मी असं सांगते. दोन बांबू समोरासमोर आडवे. दोन टोकांना दोघं बसलेले. ते बांबू दोनदा खाली आपटतात आणि एकदा एकमेकांवर. नाचणाऱ्यानं बांबू उघडे असताना आत पाऊल टाकायचं आणि मिटायच्या आत काढून घ्यायचं. शेतात लावलेल्या सापळ्यांतून एक लांब पायांचा पक्षी अलगद निसटतो, त्याची नक्कल. नाचणाऱ्याकडे सगळे बघतात. पण तुझी खरी नजर बसलेल्यांवर. ज्याचा कान सगळ्यात पक्का त्याला तू बांबूवर बसवायचीस, आणि ज्याचा कच्चा त्याला नाचायला. आमच्याकडे बरोबर उलटं असतं. ज्याला नाचता येत नाही त्याला आम्ही झाड करतो, नाहीतर मागे झेंडा धरून उभं करतो.

म्हणून तर यशची आई तावातावानं आली होती. नांदेडकडची बाई, बोलणं खणखणीत. "मॅडम, आमच्या पोरानं काय घोडं मारलं? सगळे नाचायलेत आन् हा खाली बसून काठ्या बडवायलाय. व्हिडिओत नुस्तं त्याचं डोस्कं दिसतंय!" तू मला विचारलंस, काय म्हणते? मी सांगितलं. तू त्या माउलीला हाताला धरून बांबूशी बसवलंस, समोर यश. आणि म्हणालीस, वाजवा. चार आवर्तनांत बाईंचा बांबू एकीकडे आणि पोराचा दुसरीकडे. यश मात्र न हलता, खाली मान घालून, आपल्या ठेक्यावर. बाईंनी बांबू ठेवला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "बसू द्या त्याला तिथंच." त्यानंतर त्या तुझ्यासाठी घरून शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या.

बांबूवाल्यानं मान वर करायची नाही हा तुझा कायदा. नाचणाऱ्याचे पाय बघितले की हात त्याच्यासाठी थांबतो, थांबला की ठेका मोडतो आणि मग सगळ्यांचेच घोटे अडकतात. तू म्हणायचीस, बांबूनं कुणावर दया करायची नाही. मला हे फार कठोर वाटायचं. लहान पोरं आहेत, जरा सांभाळून घेतलं तर काय बिघडलं? यावर आपण किती भांडलोय.

आणि घोटे अडकायचे ते माझ्याच पोरांचे, हे तू मला बोलून दाखवल्याशिवाय राहायची नाहीस. तीनतालात मुरलेली पोरं, पायांना चार-चार मात्रांची सवय. तुझा ठेका तीनचा. माझ्या पोरांचे पाय तीन झाले की चौथ्याची वाट बघायचे, चौथा काही यायचा नाही, यायचा तो बांबू. "तुझी पोरं नसलेल्या पाहुण्यासाठी दार धरून उभी राहतात," तू म्हणालीस. मला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, तीन-तीन मात्रांचा दादरा काय असतो ते मला तू शिकवणार? तू शांतपणे म्हणालीस, "तुला येतो गं. त्यांच्या पायांना येत नाही." मग आपण बांबू बाजूला ठेवून पोरांना नुसतं तीनवर चालवलं, तीनवर पाणी प्यायला लावलं, तीनवर पायऱ्या चढायला लावल्या. मुक्ता घरी तीनवर दात घासायला लागली. पण त्या वर्षी कुणाचा घोटा अडकला नाही.

एवढं सगळं आपलं जमलं. शेवटाचं मात्र कधी जमलं नाही.

तुझी रीत मला आजही पटत नाही. कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत तू पोरांना शेवट सांगायचीसच नाहीस. त्या दिवशी बूट काढून जमिनीवर बसायचीस, सगळा नाच एक शब्द न बोलता बघायचीस, आणि मग उठून सांगायचीस, यंदा असं संपवू. दर वर्षी वेगळं. एका वर्षी एका मुलीच्या वडिलांचं इथलं काम संपलं होतं, ते सगळे परत जाणार होते. तू सगळ्यांना आधी बाहेर काढलंस आणि तिला एकटीला आत ठेवलंस, बांबू हळू हळू होत थांबेपर्यंत. तिची आई पहिल्या रांगेत हमसून रडत होती. मी तेव्हाही तुला म्हटलं, सुंदर झालं, पण हे लोकनृत्य आहे, त्याला परंपरा असते, दर वर्षी शेपूट बदलायला ही काय पाल आहे? तू खो खो हसलीस. म्हणालीस, "माझ्या गावात बांबू वाजवणारे म्हातारे दमले की नाच संपायचा. हीच परंपरा. आता ही पोरं दमत नाहीत, त्याला मी काय करू?"

एकदाच गंभीर होऊन बोललीस. आपण हॉलच्या पायऱ्यांवर चहा पीत होतो. तुझा मुलगा तिकडे आजीजवळ वाढला. त्याला तू फोनवर बांबू शिकवायचा प्रयत्न केला होतास. तिकडे तो दोन काठ्या घेऊन बसायचा, इकडे तू जमिनीवर हात आपटायचीस. पण ठेका तिथे पोचायचा तो उशिरा, आणि त्याचा तुझ्याकडे यायचा त्याहून उशिरा. तुला वाटायचं तो चुकतोय, त्याला वाटायचं तू चुकतेयस. शेवटी तो कंटाळला. आता मोठा झालाय, ट्रक चालवतो. तू म्हणालीस, "त्याला मी शेवटही सांगून ठेवला होता. आधीच. म्हणून त्याला मधल्याची गोडी लागली नाही." मी म्हटलं, अगं, तो नेटमुळे कंटाळला, शेवटामुळे नाही. तू उरलेला चहा एका घोटात संपवलास. तेव्हा मला वाटलं मी वाद जिंकला. आता वाटतं, मी गप्प बसून नुसता चहा प्यायला हवा होता.

तुझ्या खोलीवर प्रार्थना होत्या तेव्हा मी रोज आले. तुमच्यात नऊ दिवस करतात, आमच्यात दहावा-तेरावा, हिशेब थोडाफार सारखाच. मला त्यातली एक ओळ येत नव्हती. भिंतीला टेकून बसायचे आणि तुझ्याबरोबर राहणाऱ्या तुझ्या खोलीवालीनं दिलेल्या शेवया खायचे. तिनंच सांगितलं की कागद पूर्ण झाले, तू घरी निघालीस. विमान दुपारचं होतं. मी त्या वेळी एका आजोबांना काठी घेऊन चालायला शिकवत होते, आणि ते चांगले चालत असताना मी त्यांना उगीचच "परत" म्हटलं.

त्या शुक्रवारी पोरं हॉलवर आली. येऊ नका असं कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, अहो, आता कोण बसवणार ते? एखादं सिनेमाचं गाणं घ्या, पालकही खूश होतील. बाईचं काही चूक नव्हतं. मीही मान डोलावली. तेवढ्यात मुक्ता मधे आली. "नो, आई. वी आर डूइंग इट." मी म्हटलं, अगं, त्याला शेवट नाहीये. ती म्हणाली, "सो? यू नो एव्हरीथिंग एल्स." एवढीशी पोरगी, पण माझ्याच पोटची, तोंडाला तोंड द्यायला शिकलेली. मी हो म्हटलं. खरं सांगते, मला तो नाच स्टेजवर गेलेला हवा होता. नाही गेला तर तू सर्दाबातून कायमची गेलीस असं होणार होतं.

आणि मग सगळं बिघडलं. घोटे अडकायला लागले. ज्यांचे तुझ्या हाताखाली कधी अडकले नाहीत त्यांचेसुद्धा. मी ठेका मोजून घेतला, बांबू बदलून बसवले, यशला बाजूला घेऊन विचारलं, तुझा हात मागेपुढे होतोय का? तो म्हणाला, नाही. आणि खरंच होत नव्हता. वर मी माझा म्हणून एक शेवट बसवला, छान तिहाई घेऊन समेवर येणारा. पोरांनी निमूट करून दाखवला. श्रीखंडावर रस्सा ओतल्यासारखा दिसत होता. मुक्ता म्हणाली, "आई, इट्स नाइस. बट इट्स यॉर्स." एक मुलगी घोटा चोळत कोपऱ्यात रडत होती. माझं डोकं फिरलं. सगळ्यांवर खेकसले, नाचता येईना अंगण वाकडं, करा काय करायचं ते, आणि बूट भिरकावून भिंतीशी जाऊन बसले.

मी बघायला बसले नव्हते, लिगाया. रुसून बसले होते. पण पोरांनी मला विचारलंच नाही, पहिल्यापासून नाच सुरू केला. आणि माझ्या तोंडात आकडे नव्हते म्हणून मला पहिल्यांदा पोरं दिसली. आत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक पोर मान वळवून एसीशेजारच्या खांबाकडे बघत होतं. मुक्ता बघत होती. ती रडणारी मुलगी बघत होती. एकजात सगळी. तिथे तू उभी राहायचीस. तू नुसती मान हलवायचीस आणि ते आत शिरायचे. इतकी वर्षं मी शेजारी उभी राहून आकडे ओरडत होते, आणि पोरं तुझी मान बघून आत जात होती! आता तिथे कुणी नाही. म्हणून प्रत्येक पोर क्षणभर थांबत होतं, आणि तेवढ्यात बांबू मिटत होता.

तिथे मी रडले. हॉस्पिटलात नाही, तुझ्या खोलीवर नाही, तिथे भिंतीशी बसून, पोरांसमोर, नाक गळेपर्यंत. पोरं नाचत राहिली. त्यांना वाटलं असेल मॅडमना नाच आवडला.

मग उठून त्या खांबाशी जाऊन उभी राहिले. मान हलवली. पहिली आत गेली नि सुखरूप बाहेर आली. दुसरी. तिसरा. एकही घोटा अडकला नाही. नाच संपेपर्यंत, म्हणजे जिथे तू सोडलास तिथपर्यंत, माझी मान दुखून आली. पोरं हसत होती. मुक्ता मात्र हसली नाही. म्हणाली, यंदाच्या मोठ्या स्टेजवर असा खांब नाही. आई, तू आत विंगेत असशील, लाइट डोळ्यांवर असतील, आम्हाला तू दिसणार नाहीस. मग?

त्या 'मग'मधून शेवट आला. मी काही ठरवून ठेवलं नव्हतं, तोंडातून निघालं. मी म्हटलं, खांबाकडे बघायचं नाही, बांबूवाल्याकडे बघायचं. आणि यश, तू मान वर करायची. तुम्ही सगळ्या बांबूवाल्यांनी मान वर करायची, समोरच्याला बघायचं, आणि मानेनं ये म्हणायचं. यश घाबरला. म्हणाला, "पण आतेनं सांगितलंय, वर बघायचं नाही." मी म्हटलं, माहीत आहे. हात थांबवायचा नाही आणि मान वर करायची, दोन्ही जमतंय का बघ. त्यानं करून बघितलं. पहिल्यांदा ठेका हलला. "परत," मी म्हटलं. दुसऱ्यांदाही हलला. मग कधीतरी जमलं. आणि अखेरच्या फेरीत, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं एकेका बांबूवाल्याला हात देऊन उठवायचं, म्हणजे वाजवणारंच कुणी उरत नाही आणि नाच संपतो. झाला शेवट.

परवा कार्यक्रम झाला. तुझ्या मैत्रिणी रांगेनं बसल्या होत्या, आपापल्या ड्युट्या बदलून आलेल्या. पोरांनी खांब शोधला नाही. एकाचा पाय मधेच चुकला, बांबू त्याला लागला, तो मोठ्यानं "आई गं" म्हणाला आणि नाचत राहिला. यशनं मान वर केली तेव्हा त्याचे ओठ थरथरत होते, हात नाही. अखेरीला पोरांनी एकमेकांना हात देऊन उठवलं, बांबू जमिनीवर पडले, एक गडगडत स्टेजच्या कडेला गेला, आणि लोकांना संपलं की नाही ते कळलंच नाही. मग तुझ्या मैत्रिणींनी टाळ्या सुरू केल्या.

बाहेर तुझी खोलीवाली भेटली. मला मिठी मारली, डोळे पुसले आणि म्हणाली, "पण हा नाच असा संपत नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे.

आता तुला विचारते. बांबूवाल्यानं मान वर केली ते चुकलं ना? ठेका शेवटी किंचित ढिला पडला होता, मला विंगेतून ऐकू आलं. तुला तर पहिल्याच फेरीला ऐकू आलं असतं. तू मला दंडाला धरून मागे ओढलं असतंस आणि पोरांना सांगितलं असतंस, या बाईनं शिकवलं ते सगळं विसरा. मग आपण पायऱ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत भांडलो असतो. माझ्याशी आता कुणी भांडत नाही, लिगाया. सगळे मला हो म्हणतात, तू गेल्यापासून फारच समजूतदारपणे वागतात, आणि मला त्याचा संताप येतो.

पुढच्या शुक्रवारी पोरं येणार आहेत. माझा शेवट चुकलाय. मी तो दुरुस्त करणार नाही. ये आणि बदल.